केंद्र नसलेले जाळे



परीक्षा जवळ आली आहे. वर्गातल्या एकाच मुलीकडे इतिहासाच्या टिपणांची २० पानांची वही आहे आणि ती ४० जणांना हवी आहे. एक पान उतरवून घ्यायला ५ मिनिटे लागतात असे धरू. म्हणजे एकाला संपूर्ण वहीसाठी १०० मिनिटे लागतील. वही एकामागून एक अशी चाळीस जणांकडे फिरली, तर शेवटच्या विद्यार्थ्याचे काम संपायला ४,००० मिनिटे, म्हणजे ६६ तास ४० मिनिटे होतील. तोवर परीक्षा होऊनही जाईल!

आता वहीचा दोरा सोडा आणि २० पाने सुटी करून २० जणांना एकेक वाटा. पाच मिनिटांनी त्या वीस जणांकडे मूळ पान असेल आणि स्वतः उतरवलेले पानही असेल. मूळ पाने त्यांनी आपसात फिरवत राहावी. उतरवलेली पाने उरलेल्या वीस जणांना द्यावी आणि त्यांनी ती आपसात फिरवावी. पहिल्या गटाचे काम १०० मिनिटांत संपेल, दुसऱ्याचे १०५ मिनिटांत. कागदावर आकडे मांडून खात्री करून घ्या. ६६ तासांचे काम पावणेदोन तासांत झाले, कारण प्रत्येक घेणारा त्याच वेळी देणाराही झाला.

संगणकांच्या ज्या जाळ्यात प्रत्येक संगणक असा देणारा आणि घेणारा असतो, त्याला 'पीअर-टू-पीअर' किंवा समकक्ष जाळे म्हणतात. याउलट, एक मोठा संगणक सर्वांना माहिती पुरवतो आणि बाकीचे फक्त मागतात, त्या रचनेत मधल्या संगणकाला 'सर्व्हर' म्हणतात.

समकक्ष जाळे ऐकायला सोपे वाटते. पण वर्गातला वहीचा प्रयोग खरोखर करून पाहाल, तर पाचच मिनिटांत गोंधळ उडेल. सातवे पान कोणाकडे आहे? हे पान बरोबर उतरवले आहे कशावरून? दुसऱ्या वर्गातला हा मुलगा मध्येच कसा आला? आणि हा कोपऱ्यातला नुसता घेतोच आहे, देत का नाही? बाईंच्या टेबलावरून वाटप झाले असते, तर हे प्रश्न बाईंनी सोडवले असते. यातून एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते: केंद्र काढून टाकले तरी केंद्राची कामे नाहीशी होत नाहीत. ती सर्वांना वाटून घ्यावी लागतात. ती कशी वाटून घेतात, तेच आज पाहू या.

कोणाकडे काय आहे?

१९९९ साली अमेरिकेतील शॉन फॅनिंग या तरुणाने 'नॅपस्टर' नावाची सोय सुरू केली. लोक आपापल्या संगणकावरील गाणी एकमेकांना थेट देऊ लागले. मात्र कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची कंपनीच्या स्वतःच्या संगणकांवर होती. गाण्यांचे हक्क असणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या आणि जुलै २००१ मध्ये ती सोय बंद पडली. गाणी लाखो संगणकांवर होती, पण सूची एका जागी होती. ती बंद होताच सगळे जाळे आंधळे झाले.

२००० साली आलेल्या 'नटेला' या जाळ्याने सूचीच काढून टाकली. तिथे प्रत्येक संगणक आपल्या शेजाऱ्यांना विचारी, ते त्यांच्या शेजाऱ्यांना विचारीत. प्रश्न अनंत काळ फिरत राहू नये म्हणून त्याच्यासोबत एक आकडा, बहुधा ७, पाठवीत आणि प्रत्येक टप्प्याला तो एकाने कमी करीत. आता हिशेब करा. प्रत्येकाने तीन नव्या शेजाऱ्यांना विचारले, तर सात टप्प्यांत ३ + ९ + २७ + ८१ + २४३ + ७२९ + २,१८७ = ३,२७९ निरोप होतात. एका प्रश्नासाठी इतकी दवंडी! सर्वांनी एकदम प्रश्न विचारले, तर जाळे उत्तरांपेक्षा प्रश्नांनीच भरून जाईल.

यावरचा सुधारित उपाय २००२ साली पेटार मेमुंकोव्ह आणि डेव्हिड माझिएर यांनी 'कडेम्लिया' या पद्धतीत मांडला. सूचीचे तुकडे करून ते ठरावीक गणिती नियमाने सर्व संगणकांना वाटून द्यायचे. ज्याला वस्तू हवी त्यानेही तोच नियम लावला, की सूचीचा हवा तो तुकडा कोणत्या दिशेला असेल हे कळते आणि मोजक्याच पायऱ्यांत तो सापडतो. शब्दकोश मधोमध उघडून आपण पुढे जायचे की मागे हे ठरवतो, तसेच हे आहे.

पाच शाळांचे पावसाचे टिपण

आता आपण एक उदाहरण घेऊ आणि पुढचे सारे प्रश्न त्यावर तपासू. कृष्णा नदी महाबळेश्वरला उगम पावते, वाईवरून येते, साताऱ्याजवळ तिला वेण्णा मिळते, कऱ्हाडला कोयना मिळते आणि पुढे ती सांगलीला पोचते. २००५, २०१९ आणि २०२१ साली सांगलीने मोठे पूर पाहिले. समजा, या पाच गावांतील पाच शाळांनी पर्जन्यमापक बसवले आणि रोजच्या नोंदी एकमेकींना थेट कळवायचे ठरवले. शाळांना वरून खाली १ ते ५ असे क्रमांक दिले. सरकारी पूरसूचनेची जागा हे टिपण घेणार नाही, पण अभ्यासासाठी ते फार चांगले आहे.

सर्व नोंदी सांगलीच्या एकाच संगणकावर ठेवल्या असत्या, तर पुराच्या दिवशी तिथली वीज जाताच सारे टिपण हातचे गेले असते. समकक्ष जाळ्यात पाचही शाळांकडे पूर्ण प्रत असते. एक गेली तरी चार उरतात. पण त्याचबरोबर धोकाही वाढतो. महाबळेश्वरला १८६ मिलिमीटर पाऊस झाला आणि वाटेत कोणी तो ८१६ केला, तर सांगलीत विनाकारण घबराट उडेल. आणि ८१६ चा १८६ केला, तर त्याहून वाईट.

नोंदीचा ठसा

नोंद वाटेत बदलली का, हे ओळखण्यासाठी तिचा 'ठसा' काढतात. संगणकाच्या भाषेत याला 'हॅश' म्हणतात. आपण एक छोटा ठसा तयार करू. शाळेचा क्रमांक आणि पाऊस मिळून चार अंक लिहू: महाबळेश्वर १, पाऊस १८६, म्हणून नोंद ११८६. पहिल्या अंकाला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने आणि चौथ्याला ४ ने गुणा, बेरीज करा, ११ ने भागा आणि बाकी घ्या.

१×१ + १×२ + ८×३ + ६×४ = ५१. ११ ने भागल्यावर बाकी ७. हा झाला ठसा.

अंकांची अदलाबदल होऊन नोंद १८१६ झाली, तर १ + १६ + ३ + २४ = ४४, बाकी ०. ठसा जुळत नाही. लबाडी किंवा चूक पकडली गेली!

पण घाईने आनंदित होऊ नका. १३०० या नोंदीचा ठसा काढून पाहा: १ + ६ + ० + ० = ७. म्हणजे १८६ च्या जागी ३०० मिलिमीटर लिहिले, तरी आपला ठसा गप्प बसतो. चांगला ठसा असा हवा, की तोच ठसा असलेली दुसरी नोंद शोधणे व्यवहारात अशक्य व्हावे. आज वापरात असलेला 'शा-२५६' हा ठसा २५६ द्विमान अंकांचा असतो. त्याच्या शक्यतांची संख्या आपल्या दशमान पद्धतीत लिहिली, तर ७८ अंकी होते. जुन्या 'शा-१' ठशाचे मात्र २०१७ साली बिंग फुटले. संशोधकांनी एकच ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली प्रत्यक्ष तयार करून दाखवल्या. ठसेसुद्धा म्हातारे होतात, ते वेळीच बदलावे लागतात.

सही कोणाची?

ठशामुळे नोंद बदलली की नाही ते कळते, पण ती लिहिली कोणी हे कळत नाही. खोटी नोंद करणारा ठसाही नवा काढून देईल. म्हणून सही हवी. ती अशी हवी, की करता एकालाच यावी, पण तपासता सर्वांना यावी.

१९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी दोन किल्ल्यांची कल्पना मांडली: एक सर्वांना सांगायची, दुसरी गुप्त ठेवायची. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी ती प्रत्यक्षात उतरवली. त्यांची रीत लहान संख्या घेऊन करून पाहू.

३ आणि ११ या दोन मूळ संख्या घ्या. गुणाकार ३३. दोन्हींतून एकेक वजा करून गुणा: २×१० = २०. आता अशा दोन संख्या निवडा, की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यास बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण ३×७ = २१. महाबळेश्वरची शाळा '३३ आणि ३' ही जोडी सर्वांना सांगते आणि ७ गुप्त ठेवते.

सही करताना ती ठशाचा, म्हणजे ७ चा, सातवा घात काढते: ८,२३,५४३. त्याला ३३ ने भागून बाकी २८. ही सही. नोंद ११८६ आणि सही २८ अशी जोडी ती पाठवते.

सांगलीची शाळा सहीचा तिसरा घात काढते: २८×२८×२८ = २१,९५२. ३३ ने भागल्यास बाकी ७. इकडे ११८६ चा ठसाही ७. जुळले! सांगलीला गुप्त संख्या माहीत नाही, तरी सही महाबळेश्वरचीच आहे हे तिने ओळखले. कोणा मोठ्या अधिकाऱ्याला विचारावे लागले नाही.

तुम्ही म्हणाल, ३३ चे अवयव तर चौथीतला मुलगाही काढील, मग गुप्त संख्या गुप्त कसली? अगदी बरोबर. म्हणून प्रत्यक्षात ३३ च्या जागी सहाशेहून अधिक अंकी संख्या घेतात. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार क्षणात होतो, पण त्या गुणाकारावरून मूळ संख्या शोधून काढण्याची झटपट रीत आजच्या संगणकांना अजून सापडलेली नाही. साऱ्या सहीचे बळ या एका गोष्टीत आहे.

आत कोण येणार?

आता प्रवेशाचा प्रश्न सुटण्याजोगा झाला. पाच शाळांच्या जाहीर किल्ल्यांची एक यादी करा आणि तिच्यावर पाचही जणींनी सही करा. यादीतल्या किल्लीने पटलेली नोंदच स्वीकारायची. सहावी शाळा यायची असेल, तर पाचांपैकी किमान तिघींच्या सह्या लागतील असा नियम करता येईल. लिहिण्याचा अधिकार असा सांभाळला जातो.

नोंदी फक्त सभासदांनाच वाचता याव्यात असे वाटले, तर त्या एका सामायिक किल्लीने कुलूपबंद करायच्या आणि ती किल्ली प्रत्येक शाळेला तिच्या जाहीर किल्लीत गुंडाळून द्यायची. एखादी शाळा बाहेर पडली, की उरलेल्यांनी नवी सामायिक किल्ली घ्यायची. मात्र पुढच्या नोंदी बंद झाल्या, तरी त्या शाळेने आधी वाचलेले पुसता येत नाही. दिलेली माहिती परत घेता येत नाही. म्हणून समकक्ष जाळ्यात 'कोणाला द्यावे' हा विचार देण्यापूर्वीच करावा लागतो.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. संगणकावर नवी किल्ली तयार करायला क्षणही लागत नाही. मग एकानेच शंभर किल्ल्या करून 'आम्ही शंभर जण आहोत' असे म्हटले तर? जिथे बहुमताने निर्णय होतो, तिथे असा तोतया सहज राज्य करील. २००२ साली जॉन डूसर यांनी या हल्ल्याचा अभ्यास करून दाखवले, की अगदी अनोळखी लोकांच्या जाळ्यात निव्वळ निरोपांच्या देवाणघेवाणीवरून हा तोतया ओळखणे जवळजवळ अशक्य आहे. कुठेतरी बाहेरची ओळख हवीच. आपल्या पाच शाळांच्या शिक्षकांनी एकदा समक्ष भेटून किल्ल्यांची अदलाबदल केली, तर ती ओळख मिळते.

नुसते घेणारे

२००० साली एडार आणि ह्यूबरमन यांनी नटेला जाळ्याची पाहणी केली, तेव्हा सुमारे ७० टक्के लोक एकही फाइल देत नव्हते असे आढळले. उपदेश करून हे सुधारले नसते. २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी 'बिटटॉरंट' तयार केले, त्यात यावर साधा उपाय आहे. फाइलचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक संगणक दर १० सेकंदांनी पाहतो, की आपल्याला सर्वांत वेगाने तुकडे कोण देत आहे, आणि अशा मोजक्यांनाच तो आपले तुकडे देतो. जो देईल त्याला मिळेल.

पण नव्याने आलेल्याकडे द्यायला काहीच नसते. त्याने काय करावे? त्याच्यासाठी दर ३० सेकंदांनी एक दार कोणा एकाला, काही न मागता, उघडले जाते. शिवाय जो तुकडा सर्वांत कमी जणांकडे आहे तो आधी घेण्याचा नियम आहे, म्हणजे एखादा निघून गेला तरी दुर्मीळ तुकडा बुडत नाही. आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा आधीच जाहीर असल्यामुळे अनोळखी माणसाकडून घेतलेला तुकडाही लगेच तपासता येतो. लिनक्सच्या अनेक मोफत प्रणाली या मार्गाने वाटल्या जातात.

आधी काय, नंतर काय?

शेवटचा प्रश्न तत्काळ देवाणघेवाणीचा. समजा, महाबळेश्वरच्या विद्यार्थ्याने स्वतःच चुकून ८१६ पाठवले, तेही सहीनिशी, आणि लगेच '१८६ असे वाचावे' अशी दुरुस्ती पाठवली. जाळ्यात निरोप वेगवेगळ्या वाटांनी जातात. सांगलीला दुरुस्ती आधी पोचली आणि चूक नंतर. शेवटी आले ते खरे मानले, तर टिपणात ८१६ राहील!

घड्याळाची वेळ लिहावी म्हणाल, तर पाच घड्याळे एकसारखी कधी चालतात? वाईचे घड्याळ दोन मिनिटे मागे असले, तर वाईचे उत्तर महाबळेश्वरच्या प्रश्नाच्या आधी आलेले दिसेल. १९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी यावर सुंदर तोड सुचवली. भिंतीवरचे घड्याळ सोडा, नुसती मोजणी ठेवा. नियम दोनच:

१. स्वतः नोंद केली किंवा निरोप पाठवला, की आपला आकडा एकाने वाढवा आणि तो सोबत लिहा.

२. निरोप आला, की आपला आकडा आणि त्यातला आकडा यांपैकी मोठा घ्या आणि त्यात एक मिळवा.

महाबळेश्वरची चूक ५ आकड्याने गेली, दुरुस्ती ६ आकड्याने. सांगलीला त्या कोणत्याही क्रमाने मिळोत, ६ हा ५ नंतरचा, म्हणून १८६ कायम. वाईचा आकडा २ असताना तिला दुरुस्ती मिळाली, तर तिचा आकडा ७ होईल आणि तिचे उत्तर ८ आकड्याने जाईल. उत्तर प्रश्नानंतरच लागेल. दोन शाळांचे आकडे सारखे आले, तर लहान शाळाक्रमांक आधी असे ठरवले, की पाचही टिपणांत क्रम एकच होतो. मात्र आकडा लहान म्हणजे घटना खरोखर आधी घडली, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नाही. एकमेकींची खबरच नसलेल्या दोन घटनांत तो केवळ सर्वांनी मान्य केलेला क्रम असतो.

निरोप पोचवायचे कसे? पाच शाळांना थेट जोडायला १० दुवे पुरतात, पण ४० शाळांना ७८० लागतील. म्हणून कुजबुजीची रीत वापरतात. ज्याने ऐकले त्याने दर फेरीला एका नव्या शाळेला सांगावे. १, २, ४, ८ असे वाढत दहा फेऱ्यांत १,०२४ शाळांना कळेल. ज्याचा ठसा आपल्याकडे आधीच आहे तो निरोप पुढे पाठवायचा नाही, म्हणजे नटेलासारखी दवंडी होणार नाही.

केंद्र कधी हवे?

तर मग सर्वच कामे समकक्ष जाळ्यांवर सोपवावी का? नाही. पावसाच्या दोन नोंदी एकमेकींना खोडत नाहीत, त्या नुसत्या शेजारी बसतात. म्हणून कोणासाठी न थांबता लगेच लिहिता येते. पण आगगाडीत एकच जागा उरली आहे आणि ती दोघांनी एकदम मागितली, तर? इथे सर्वांचे ऐकून घेतल्याशिवाय तिकीट देता येत नाही आणि ऐकून घेण्यात वेळ जातो. अशा कामाला एक केंद्र पुष्कळदा सोयीचे असते.

समकक्ष जाळ्यात विश्वास नाहीसा होत नाही, तो एका माणसाकडून निघून प्रत्येकाने स्वतः करायच्या तपासणीत जातो. ठसा जुळतो का, सही पटते का, आकडा मोठा आहे का, हे सांगलीतल्या विद्यार्थ्याला स्वतः पाहता येते. ज्या दिवशी तो हे पाहायचे टाळील, त्या दिवशी ८१६ टिपणात शिरेल.

करून पाहा

१. साताऱ्याची नोंद ३०९५ आहे. ठसा काढा.

२. साताऱ्याच्याही किल्ल्या महाबळेश्वरसारख्याच आहेत असे धरून या ठशावर सही करा आणि ती तपासून पाहा.

३. कऱ्हाडचा आकडा ९ असताना १४ आकड्याचा निरोप आला. त्यानंतर कऱ्हाडने पाठवलेल्या निरोपावर कोणता आकडा असेल?

४. वर्गात पाच गट करा. निरोप चिठ्ठ्यांवर लिहा आणि एका विद्यार्थ्याला 'टपाल' नेमून चिठ्ठ्या मुद्दाम उलटसुलट क्रमाने पोचवायला सांगा. आधी आकड्यांशिवाय आणि मग लॅम्पोर्टच्या आकड्यांसह खेळा. शेवटी पाचही गटांची टिपणे शेजारी ठेवून ताडून पाहा.

उत्तरे: (१) ६. (२) ३०. (३) १६.